माड पुरे झाले!

मंडळी, कोकणावर लिहायचं म्हणजे माड, भुतं आणि मायाळू आजी, एवढंच का? नजीब महफूजने कैरोच्या गल्ल्यांचीच नावं कादंबऱ्यांना दिली, घरातल्या बापाचा धाक लिहिला. १९८८ साली नोबेल मिळालं. आपल्याकडे भाऊ पाध्येंनी 'वासूनाका'त (१९६५) मुंबईची नाक्यावरची पोरं जशीच्या तशी उभी केली, तर अश्लील म्हणून झोडपलं! आणि आमचं अलिबाग? वाड्या कधीच्या विकल्या जाताहेत. २०२० साली मांडव्याला रो-रो लागली, भाव आणखी चढले. कुठे मालकाचा मुलगाच आता त्या जागेवरच्या बंगल्याची राखण करतो. हे कोण लिहिणार? नातेवाईकहो, रागवा हवं तर. सातबाऱ्यावरून घराघरात चाललेली भांडणं आधी लिहू, माड नंतर.