जागा मोकळी करणे आणि दप्तर राखणे

जयपूरच्या झालाना डुंगरी भागात राजस्थान शासनाचे भामाशाह राज्य डेटा सेंटर आहे. अशा केंद्रांवर सरकारे मोठा खर्च करतात, आणि तो योग्यच आहे. परंतु शासकीय माहितीचा जन्म तेथे होत नाही. तो होतो तालुक्याच्या कार्यालयातील एखाद्या लॅपटॉपवर. त्याची डिस्क पुष्कळदा १२८ जीबीचीच असते. उत्पादकाची मोजणी दशमान आणि विंडोजची द्विमान, म्हणून पडद्यावर त्यातले सुमारे ११९ दिसतात. विंडोज आपला वाटा काढून घेते तो वेगळाच. मग एके दिवशी ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो, आणि कर्मचारी सर्वांत मोठ्या फाईली शोधून त्या पुसून टाकतो.

माझा आक्षेप या शेवटच्या कृतीला आहे. फाईलच्या आकारावरून तिचे मोल ठरत नाही. ए-फोर आकाराचा एक कागद ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केला, तर संकुचन न करता तो सुमारे २६ एमबी जागा व्यापतो. तोच निव्वळ काळा-पांढरा केला तर एक एमबीच्या आसपास. म्हणजे पन्नास पानांचे एखादे जमिनीचे प्रकरण सव्वा जीबीच्या वर जाऊ शकते. ‘सर्वांत मोठी फाईल’ म्हणून नेमके तेच पुसले जाईल! शिवाय जुन्या हार्ड डिस्कवरून पुसलेले परत मिळण्याची काही आशा असे. आजच्या एसएसडीवर ती जवळजवळ नसते.

कागदाच्या काळातही कपाटे भरतच होती. १९८०च्या दशकात अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना कार्यालयाची आणि दप्तराची जी फेरमांडणी केली, ती पुढे लखिना पॅटर्न म्हणून ओळखली गेली. महाराष्ट्रात अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण आहे. ‘अ’ वर्ग कायम जतन करावयाचा, ‘ड’ वर्ग वर्षभराने नष्ट करावयाचा. सहा गठ्ठे पद्धतीतही एक गठ्ठा अभिलेख कक्षात पाठविण्याच्या कागदांचा आणि एक नष्ट करण्याच्या कागदांचा असतो. दोन्ही गठ्ठे वेगळे असतात, हेच त्यातील शहाणपण.

हीच शिस्त लॅपटॉपला लावता येते. प्रथम प्रणालीचा केरकचरा काढावा: तात्पुरत्या फाईली, रिसायकल बिन, विंडोजच्या मागील आवृत्तीचे फोल्डर. नंतर ‘डाऊनलोड्स’मधील दुबार प्रती. त्यानंतर कार्यालयीन कागद वर्गवारीने लावून, ज्यांची एकमेव प्रत याच यंत्रात आहे ते आधी कार्यालयाच्या सर्व्हरवर वा राज्याच्या डेटा सेंटरमध्ये पोचवावेत, तेथे उघडून पाहावेत, आणि मगच येथून काढावेत. पुढील स्कॅनिंगमध्ये रंगाची गरज नसेल तेथे रंग टाळावा.

केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३चा, महाराष्ट्राचा २००५चा. केंद्राच्या कायद्यात विहित रीतीखेरीज अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि त्याच्या व्याख्येत संगणकावर तयार झालेली सामग्रीही येते. तरीही कार्यालयात लॅपटॉप देताना कोणते पुसावे आणि कोणते पुसू नये, याचे एक पानभर परिपत्रक सोबत दिले जात नाही. माहिती अधिकारात अर्ज केलेल्या नागरिकाला ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर जाते, तेव्हा त्यामागे कधी कधी केवळ भरलेली डिस्क असू शकते. ते एक पान आधी निघाले पाहिजे.