पॉलिशवाल्याचे श्रम ‘किरकोळ’ कसे?

मुंबईत जुन्या लाकडी सामानाचा व्यापार मुख्यतः दोन ठिकाणी एकवटलेला आहे. एक, जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा फर्निचर बाजार आणि दुसरे, चोरबाजारातील मटण स्ट्रीट. बंद पडलेल्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, पुनर्विकासासाठी रिकाम्या झालेल्या चाळींतली कपाटे, वाटण्या झालेल्या घरांतले सागवानी पलंग हे सारे तेथे येते ते भंगार म्हणून. तेथून बाहेर पडते ते मात्र ‘अँटिक’ म्हणून. भंगाराचे ‘अँटिक’ कोणाच्या हाताने होते, हा प्रश्न ना ग्राहक विचारतो ना सरकार.

ते होते पॉलिशवाल्याच्या हाताने. जुन्या रंगाचे चार-चार थर रसायनाने सैल करून पत्रीने खरवडायचे, भोके आणि चिरा लांबीने भरायच्या, मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने पॉलिश पेपर मारायचा. प्रथम जाड, नंतर बारीक. त्यावर स्टेन चढवायचा. हलक्या लाकडाला सागाची वा शिसवीची छटा द्यायची. शेवटी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने एकावर एक पातळ हात फिरवायचे. हवा दमट असली की पॉलिश पांढरे पडते. बोळा क्षणभर एका जागी थांबला की डाग उठतो. हे कसब वर्षानुवर्षांच्या उमेदवारीतून येते. अलीकडे लाखेची जागा बरीचशी लॅकर, मेलामाइन आणि पीयू यांनी घेतली आहे. फॅशनचा फेरा तर असा की, चांगल्या कपाटाला पांढरा रंग देऊन, त्याच्या कडा मुद्दाम घासून ते ‘जुनाट’ करून मागणारे ग्राहकही आता आहेत. जुन्याला नवे करणारा आणि नव्याला जुने करणारा कारागीर एकच.

या श्रमाला कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ यांतील नियम ३२ (५) अन्वये जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला संपूर्ण विक्रीकिमतीवर नव्हे, तर खरेदी आणि विक्री यांच्या किमतींतील फरकावर कर भरण्याची मुभा आहे. वस्तूवर एकदा कर भरला गेला असताना पुन्हा पूर्ण कर घेऊ नये, हे तत्त्व रास्तच आहे. परंतु ही सवलत वस्तू आहे तशी विकली तर मिळते, किंवा तिचे स्वरूप न बदलणारी किरकोळ प्रक्रिया करून विकली तर. पॉलिशवाल्याचे दिवसचे दिवस या ‘किरकोळ’ शब्दात गडप झाले आहेत. कराच्या हिशेबात पलंग हा पलंगच राहतो, हे खरे. बाजाराच्या हिशेबात मात्र खरवडलेल्या, रंगवलेल्या, चकाकणाऱ्या पलंगाची किंमत वेगळी असते, आणि ती वेगळी असते म्हणूनच व्यापारी पॉलिशवाल्याला कामाला लावतो.

व्यापारी म्हणेल, फरक माझ्या पारखी नजरेचा आहे, गुंतवलेल्या भांडवलाचा आहे, गाळ्याच्या भाड्याचा आहे. यात तथ्य नाही असे नाही. जुन्या सागाला स्वतःचे मोल असते, हेही मान्य. पण नजरेला मोबदला मिळतो, भांडवलाला मिळतो, जागेला मिळतो; मग श्रमालाच तेवढी नगावर ठरवलेली मजुरी, आणि तीही काम आले तर, हा न्याय कोणता? माल पडून राहिल्याची जोखीम व्यापारी किमतीत वसूल करतो. कारागिराच्या जोखमीची वसुली कोठेच होत नाही.

आणि ही जोखीम शरीराची आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ साली रंगाऱ्याचा व्यवसायच कर्करोगकारक ठरवला. १९९५ साली लाकडाच्या भुशालाही त्याच पहिल्या गटात घातले. थिनरमधील टोल्युइन आणि झायलिन यांची वाफ मेंदू व मज्जासंस्थेवर परिणाम करते. दोन भाग मिसळून वापरल्या जाणाऱ्या पीयूच्या हार्डनरमधील आयसोसायनेटने दमा जडतो. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण जुने कपाट रंगवले गेले ते त्याच्या कितीतरी आधी. तो रंग कोरडा घासला की शिसे धुळीत जाते, धूळ श्वासात जाते आणि अंगावरच्या कपड्यांतून कारागिराच्या घरी मुलांपर्यंत पोहोचते. तोंडाला बांधलेला रुमाल भुसा थोडाफार अडवतो, वाफ अडवत नाही. शिवाय स्पिरिट, थिनर आणि सुके लाकूड एकाच छपराखाली. ओशिवऱ्याच्या बाजाराला मार्च २०२३ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या आगी लागल्या. आगीच्या बातमीत दुकाने मोजली जातात. दुकानांत राबणारे हात मोजले जात नाहीत.

कायद्याचे संरक्षण या माणसाला हुलकावणी देते. १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची अट होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती वीसवर नेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अमलात आली. तीन-चार जणांचा गाळा तेव्हाही कारखाना नव्हता. आता तर तो त्या व्याख्येपासून आणखी दूर गेला. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने इमारतीची भिंत रंगवणाऱ्याला कल्याणकारी मंडळाचे दार उघडले. गाळ्यात कपाट रंगवणारा त्या दाराबाहेरच राहिला. ब्रश एकच, थिनर एकच, खोकलाही एकच!

याला दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, बंधने आली तर धंदा बुडेल. जो धंदा मुखवटा, हवा खेळती ठेवणारा पंखा आणि ओले करून घासण्याची शिस्त यांच्या खर्चाने बुडतो, तो आजवर कोणाच्या फुप्फुसावर तरला होता, हे मग उघड बोलले पाहिजे. दुसरा आक्षेप सुशिक्षित पर्यावरणप्रेमींचा. जुने वापरणे म्हणजे जंगल वाचवणे, त्यात खोडा कशाला? जुने वापरावे, जरूर वापरावे. प्लायवूडचे कपाट दहा वर्षांत फेकण्यापेक्षा शंभर वर्षांचा साग पुन्हा उभा करणे केव्हाही श्रेयस्कर. पण झाड वाचवल्याचे पुण्य ग्राहकाने घ्यायचे आणि त्याची किंमत पॉलिशवाल्याने श्वासाने चुकवायची, ही वाटणी समाजवाद्यांना मान्य होता कामा नये.

पॉलिशवाल्याला एक मालक नाही, मग जबाबदारी कोणावर टाकणार, असेही विचारले जाते. याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. हमालालाही एक मालक नव्हता. तरीही १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकांची आणि कामगारांची नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत देण्याची व्यवस्था केली आणि मालकांकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी व औषधोपचार यांची सोय केली. लाकडी सामानाच्या बाजारातील पॉलिशवाले, रंगारी आणि सुतार यांच्यासाठी याच धर्तीचे मंडळ मागितले पाहिजे. लेव्हीचा पायाही तयार आहे. खरेदी-विक्रीतील ज्या फरकावर सरकार कर घेते, त्याच फरकावर ती बसवावी. त्यासोबत दरवर्षी रक्तातील शिशाची व फुप्फुसांची मोफत तपासणी हवी.

हे कारागीर बहुतांशी परप्रांतांतून आलेले, एकमेकांशी स्पर्धा करणारे आणि म्हणूनच विखुरलेले आहेत. कार्यकर्त्यांनी आधी गाळ्यागाळ्यांतून जाऊन त्यांची नोंद करावी. किती जण आहेत, काय वापरतात, नगामागे काय मिळते, कोणाला खोकला आहे, हे लिहून काढावे. ही यादी हातात असल्याशिवाय मंत्रालयात केलेले भाषण व्यर्थ आहे. ती हातात आली की ‘किरकोळ’ या शब्दाचा अर्थ सरकारला विचारता येईल.