चकवा

दिवाळीच्या सुट्टीत शिरोळ तालुक्यातील आजोळी आलेला नववीतील एक मुलगा एके दुपारी जेवताना अगदी गप्प होता. आजीने दोनदा विचारल्यावर तो म्हणाला, "काही नाही गं आजी, एकसष्टाव्या दिवशी मेलो." सणासुदीला ताटावर बसून असे अभद्र बोललेले आजीला मुळीच रुचले नाही. आजोबांनी मात्र हातातील भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि शांतपणे विचारले, "कशानं मेलास?"

"घर सापडलं नाही, आजोबा. अगदी दारात होतो."

नातवाच्या व्हिडिओ खेळाविषयी आजोबांनी दुसरा प्रश्न विचारावा, हे आजकाल विरळाच. बहुतेक घरांत 'ते आधी बंद कर' या वाक्यापाशीच संवाद संपतो. येथे तो पुढे तीन-चार दिवस चालला, त्याचे कारण आजोबांच्या स्वतःच्या उसात होते. पण तो भाग नंतरचा.

खेळाचे नाव 'द लाँग डार्क'. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या व्हँकुव्हर बेटावरील हिंटरलँड या स्टुडिओने तो घडविला. २०१४ मध्ये तो अपूर्णावस्थेत खेळाडूंच्या हाती आला आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. भूचुंबकीय वादळामुळे वीज आणि यंत्रे निकामी झाली आहेत. उत्तर कॅनडातील ग्रेट बेअर नावाच्या एका कल्पित बेटावर, न सरणाऱ्या हिवाळ्यात, खेळाडू एकटा उरला आहे. यात राक्षस नाहीत, भुते नाहीत. थंडी, थकवा, तहान आणि भूक या चार गोष्टींशी झगडत, लांडग्या-अस्वलांपासून जपत किती दिवस तग धरला, एवढाच हिशेब. खेळाच्या 'सर्व्हायव्हल' प्रकारात जिंकण्याची सोयच नाही. रूढ नियमानुसार एकदा मरण आले की आजवरची सारी नोंद पुसली जाते आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून आरंभ करावा लागतो. एकसष्ट दिवसांचे दुःख ते एवढ्यासाठी.

या खेळात शिकारही आहे, हे पालकांना ठाऊक असावे. ससे, हरणे मारून खाण्याची मुभा खेळाडूला असते आणि बहुतेक जण तेच करतात. या मुलाने ते टाळायचे ठरविले होते. ओस पडलेल्या घरांतील डबाबंद फळे आणि पाणवठ्याच्या काठी उगवणाऱ्या पाणकणसांचे देठ यांवर त्याने दोन महिने काढले होते. हा मार्ग कठीण आहे, कारण एकदा उपटलेले पाणकणीस तेथे पुन्हा उगवत नाही. साहजिकच अन्नासाठी रोज आणखी लांब जावे लागते, आणि लांब गेले की परतीच्या वाटेवर हवामान गाठते. त्याचे झाले तेही हेच.

मिस्टरी लेक हा या बेटावरील एक प्रदेश. मध्यभागी गोठलेला तलाव, तलावाच्या काठी छावणीच्या कार्यालयाची इमारत, तिच्या मागून जाणारा लोहमार्ग आणि बर्फावर मासेमारांच्या काही लाकडी झोपड्या. मुलाचा मुक्काम त्या कार्यालयात होता. पलीकडच्या काठावरून पाणकणसे घेऊन तो तलावाच्या मधूनच परत निघाला, कारण तो सर्वांत जवळचा मार्ग. अर्ध्यावर धुके उतरले, वारा वाढला आणि पाहता पाहता हिमवादळ सुरू झाले. अशा वेळी पडद्यावर वर आभाळ नाही, खाली जमीन नाही, समोर काही नाही. सगळीकडे एकच करडा पांढरेपणा उरतो. आपल्याच पावलांचे ठसे थोड्या वेळात भरून जातात. या खेळात होकायंत्र मिळत नाही. नकाशा आयता नसतो. विझलेल्या शेकोटीतील कोळसा घेऊन, त्या त्या जागी उभे राहून, तो स्वतः रेखाटावा लागतो. मुलाने तो रेखाटलेला होता. पण त्यावर 'तुम्ही येथे आहात' असे सांगणारा ठिपका नसतो, आणि आपण कोठे आहोत हेच कळेनासे झाल्यावर उत्तमातला उत्तम नकाशाही नुसता कागद ठरतो.

चालता चालता त्याला मासेमारांची एक झोपडी लागली. घर आता जवळच असणार म्हणून तो पुढे निघाला. बऱ्याच वेळाने आणखी एक झोपडी लागली. तीही सोडून तो पुढे गेला. तिसऱ्यांदा झोपडी दिसली, तेव्हा दाराशी त्याने स्वतःच दोन दिवसांपूर्वी टाकलेला रिकामा डबा पडलेला होता. झोपडी एकच होती आणि तो तिच्याभोवतीच घिरट्या घालत होता. तरीही तो थांबला नाही. अंगातील ऊब संपली, दृष्टी अंधारली, आणि शेवटच्या क्षणी वादळ जरासे विरळ होऊन समोर कार्यालयाचे छप्पर दिसले.

"चकवा लागला तुला," आजोबा म्हणाले.

चकवा हा शब्द शहरातल्या मुलांच्या कानांवरून आता क्वचितच जातो. रानात रात्री वाट चुकलेल्या माणसाला एक अदृश्य शक्ती गोल गोल फिरविते आणि पहाटे तो निघाला होता तेथेच आणून सोडते, अशी जुनी समजूत. त्या शक्तीविषयी कोणी काहीही मानो. फिरणे मात्र खरे आहे. जर्मनीतील ट्यूबिंगन येथील माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना जर्मनीतील एका सपाट, दाट अरण्यात आणि काहींना ट्युनिशियातील सहारा वाळवंटात सरळ चालत राहण्यास सांगण्यात आले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी अरण्यात चालणारे मात्र वळत वळत गोल फिरले, आपलीच वाट ओलांडून गेले, आणि तसे झाल्याचे त्यांच्या ध्यानातही आले नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्यांची वर्तुळे तर कधी कधी वीस मीटरपेक्षाही लहान होती. एक पाय आखूड म्हणून माणूस एका बाजूला वळतो, हा जुना तर्कही टिकला नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे, तर कधी उजवीकडे वळत होता. 'सरळ' कोणते याची मनातील जाणीवच बाहेरच्या आधारावाचून हळूहळू ढळत जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

खेळात चालणारे पाय मुलाचे नव्हते, बोटे होती. तरीही चूक तीच झाली, आणि ती पावलांपेक्षा मनाची अधिक होती. आपण सरळ चाललो आहोत याची त्याला खात्री होती. ती खात्री नसती तर तो पहिल्याच झोपडीत थांबला असता. त्या झोपडीत वारा लागत नाही, आत लहानशी शेगडी असते, आणि मुलाच्या पाठीवरील पिशवीत काटक्याही होत्या आणि काड्यापेटीही.

हे ऐकल्यावर आजोबांनी आपली गोष्ट सांगितली. तरुणपणी उसाला पाणी पाजायला ते रात्री शेतात जात, कारण वीज रात्रीचीच मिळे. वर्षभराचा ऊस माणसाच्या डोक्याच्या खूप वर जातो. आत शिरल्यावर चांदणे असले काय आणि नसले काय, सारखेच. "एकदा वाऱ्यानं ऊस आडवा झालेला. सरी कुठली, वरंबा कुठला, कळंना. त्यात बॅटरी विझली. दीड एकरात दोन तास फिरलो बघ. स्वतःच्या रानात!" मग ते खाली बसले. बसल्यावर पाण्याचा आवाज आला. आवाजाच्या रोखाने हातांनी चाचपत ते पाटापर्यंत पोहोचले, आणि पाट हाताशी लागल्यावर प्रश्नच उरला नाही, कारण पाट विहिरीकडे जातो आणि विहिरीवरून घराची वाट पायाखालची. घर शोधत फिरायचे नाही, पाट शोधायचा, एवढेच त्यांचे सांगणे होते.

या खेळात मुरलेली माणसे नेमके हेच करतात. इमारत हा एक ठिपका असतो आणि धुक्यात ठिपका चुकणे फार सोपे. रेषा चुकणे अवघड. मिस्टरी लेकमध्ये तशा रेषा दोन: तलावाचा काठ आणि लोहमार्ग. किनाऱ्यालगतच्या कोस्टल हायवे या प्रदेशात रस्ता ही रेषा होते. तेथे समुद्राच्या बर्फावरून मधूनच जाण्याचा मोह धोक्याचा, कारण कडेचे पातळ बर्फ फुटले की माणूस थंड पाण्यात. प्लेझंट व्हॅली हा प्रदेश नावाने 'रम्य' असला तरी वादळांसाठी कुप्रसिद्ध आहे. तेथे मोकळ्या शेतांच्या मधोमध एक मोठे घर आहे आणि त्याच्यापर्यंत नेणारे रस्ते व कुंपणे हाच आधार. लांब पडेल, पण रेषा सोडायची नाही. पाणकणसेही काठाकाठानेच उगवतात, हा आणखी एक लाभ.

रेषा गाठली तरी एक अडचण उरते. काठ लागला, पण घर डावीकडे की उजवीकडे? यावर दर्यावर्दी आणि वैमानिक एक जुनी युक्ती वापरीत आले आहेत. १९३१ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर हे इंग्रज वैमानिक एका लहानशा विमानातून, एकटेच, न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे टास्मान समुद्र ओलांडीत होते. वाटेत इंधनासाठी नॉरफोक आणि लॉर्ड हाऊ ही दोन इवलीशी बेटे गाठणे भाग होते; चुकली तर खाली केवळ पाणी. त्यांनी बेटाच्या रोखाने विमान नेलेच नाही. जाणूनबुजून ते एका बाजूला नेले आणि सूर्याच्या उंचीवरून काढलेल्या रेषेवर पोहोचताच निःशंकपणे दुसऱ्या बाजूला वळविले. नेमके जाण्याचा प्रयत्न केला असता आणि बेट दिसले नसते, तर कोणत्या बाजूला चुकलो हे कळण्यास मार्ग नव्हता. मुद्दाम केलेल्या चुकीची दिशा तेवढी ठाऊक असते. तलावावर याचा अर्थ असा, की पलीकडून निघताना कार्यालयाच्या बऱ्याच डावीकडचा काठ धरावा आणि काठ लागला की उजवीकडे वळावे. मुलाला ही गोष्ट इतकी आवडली, की त्याने ती आजीलाही सांगितली. मुद्दाम चूक करणाऱ्याचे कौतुक कशाला, असे तिचे मत पडले.

वाऱ्यावर विसंबू नये, हेही मुलाने एकसष्ट दिवसांत शिकून घेतले होते. वारा डाव्या गालावर ठेवून चालले की सरळ जाता येते, असे वाटते. पण खेळातला वारा मध्येच दिशा बदलतो आणि माणूसही त्याच्याबरोबर वळत जातो. मशाल वाऱ्यात विझते. कंदील टिकतो, पण धुक्यात तो पुढची वाट दाखविण्याऐवजी जवळचे धुकेच उजळतो. खुणा ठेवायच्या तर टाकलेल्या वस्तू जागच्या जागी राहतात, आणि रंग फवारण्याचा डबा सापडला तर झाडांवर, खडकांवर बाणही काढता येतात. मात्र एका खुणेपाशी उभे राहून पुढची खूण दिसली पाहिजे. नाहीतर त्या खुणा स्वच्छ हवेत शोभेच्या. नकाशाचेही तसेच. दाट धुक्यात किंवा वादळात कोळशाने रेखाटन करता येत नाही. ज्याला वादळात नकाशा लागणार, त्याने तो ऊन असताना काढून ठेवलेला असावा.

सर्वांत अवघड ठरते ते थांबणे. वादळात बसून राहिले तरी भूक वाढते, तहान वाढते, सरपण संपत जाते. काहीच न करता आपण संपत चाललो आहोत असे आकडे डोळ्यांसमोर दिसतात. चालत राहिले की निदान काही करीत असल्याचे समाधान मिळते. काटक्या आणि कापडाच्या चिंध्या जवळ असतील तर बर्फात आडोसा उभारता येतो, खडकाआड वारा चुकवून शेकोटी पेटविता येते. पण हे सारे शक्ती शिल्लक असतानाच करावे लागते, आणि शक्ती शिल्लक असताना थांबावेसे वाटत नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवस मावळण्यापूर्वीचे जेवण आटोपून आजोबा नातवाशेजारी खुर्ची घेऊन बसले. नव्या डावाचा नववा दिवस चालू होता. पाणकणसे घेऊन निघालेल्या मुलाने या वेळी तलावाचा मध्य टाळून काठ धरला होता. तरीही घर बरेच दूर असताना वादळ आलेच. काठालगतच्या एका झोपडीत शिरून त्याने शेगडी पेटविली. बाहेर वारा घोंघावत होता आणि पडद्यावर फळ्यांच्या फटींतून पांढरेपणाखेरीज काहीच दिसत नव्हते. काही वेळ दोघेही ज्वाळेकडे पाहत राहिले.

"आजोबा, आता थोडं कमी झालंय बहुतेक. निघू का? काठाकाठानं जाईन."

"पलीकडची झाडं दिसतात का?"

"नाही."

"लाकडं किती आहेत?"

"चार."

"मग एक घाल, आणि बस."