लंगोटातून चड्डीकडे

आदिलाबाद जिल्हा हा कापसाचा प्रदेश. वेचणीच्या दिवसांत माता शेतावर जाते आणि लेकराची शी-शू आजीबाईंकडे येते. अशा वेळी बाजारचा डायपर सोयीचा वाटावा, यात नवल नाही. परंतु तो ओल इतकी टिपून घेतो की आपण भिजलो हे बालकाला उमगतच नाही. आणि जे उमगत नाही ते शिकावे कसे?

म्हणून दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान, मूल दोन तास कोरडे राहू लागले व खुणेने का होईना सांगू लागले की त्यास सुती चड्डी घालावी, असे आम्ही सुचवितो. मध्यभागी जुन्या धोतराचे तीन-चार पदर शिवावेत. नाडी नको, इलॅस्टिक सैल असावे, म्हणजे चड्डी त्याला स्वतःच खाली सरकविता येईल. प्लास्टिकचे अस्तर टाळावे. उन्हाळ्यात त्याने पुरळ उठते.

चड्डी भिजलीच तर शांतपणे बदलावी. मातांनो, चारचौघांत लेकराला लाजवू नका, मारू तर नकाच. भ्यालेले मूल शी दाबून धरते आणि शिकणे लांबते. लेकराची शी निरुपद्रवी असते हा समजही सोडावा. ती संडासातच टाकावी व साबणाने हात धुवावेत. रात्रीचा कोरडेपणा उशिरा येतो. त्याची घाई नको.