अर्धवट शोध, अर्धवट उपचार

कपाशीवर फवारणी सुरू झाली, की वर्धा जिल्ह्यातल्या रुग्णालयांत कीटकनाशकाची विषबाधा झालेले रुग्ण येऊ लागतात. ऑरगॅनोफॉस्फेट गटातले विष असेल तर अ‍ॅट्रोपिन द्यायचे, यावर डॉक्टरांत दुमत नाही. दुमत आहे ते प्रॅलिडॉक्झिमबद्दल. वॉर्डात त्याला सगळे 'पॅम' म्हणतात.

रात्रपाळीचा निवासी डॉक्टर मोबाइलवर शोध घेतो. हाती बारामतीचा २००६ चा अभ्यास लागला, तर 'पॅम' जास्त मात्रेत सलग दिल्याने मृत्यू कमी होतात असे त्याला दिसते. श्रीलंकेतला २००९ चा अभ्यास लागला, तर या औषधाने फायदा झालाच नाही असे दिसते. दोन्ही अभ्यास खरे. पण उपलब्ध सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०११ च्या आढाव्याचा निष्कर्ष निराळा आहे: फायदा की तोटा, हे ठरवण्याइतका पुरावा नाही. तिन्ही समोर असतील तरच डॉक्टर विचार करून निर्णय घेऊ शकतो.

'पबमेड' ही वैद्यकीय लेखांची मोठी सूची १९९७ पासून सर्वांना मोफत खुली आहे. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. अडचण नेमका लेख शोधण्याची आहे. एकच औषध कुठे 'प्रॅलिडॉक्झिम', कुठे 'टू-पॅम', तर कुठे नुसते 'ऑक्झिम' म्हणून येते. नुसते 'पॅम' टाकले तर भलतेच काही समोर येते. समानार्थी शब्द एकत्र जोडणे, सूचीने ठरवलेली विषय-शीर्षके वापरणे, एका सूचीत नसलेले दुसरीत पाहणे, हे एक शास्त्र आहे.

ते जिवावरही बेतते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यावरील एका प्रयोगात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. तिला हुंगायला दिलेल्या औषधाने फुफ्फुसांना इजा होते, असे १९५० च्या दशकातले लेख सांगत होते. पण पबमेडमध्ये तेव्हा १९६६ पासूनचेच लेख होते आणि त्यामागे जाऊन कोणी नीट पाहिले नव्हते.

हे काम कोणाचे? डॉक्टरने प्राथमिक शोध शिकलाच पाहिजे. पण चाळीस रुग्ण सांभाळणाऱ्याकडून सखोल शोधाची अपेक्षा धरणे अवाजवी आहे. ते काम प्रशिक्षित ग्रंथपालाचे. अमेरिकेत १९७१ मध्येच कॅन्सस सिटीच्या वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल डॉक्टरांसोबत राउंडला जाऊ लागले. आपल्याकडे मात्र ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांची देवघेव आणि तपासणीच्या वेळी याद्या, एवढेच समीकरण. ग्रंथालयशास्त्राची पदवी त्याच्याकडे असते. वैद्यकीय सूचींत शोध घेण्याचे शिक्षण क्वचितच मिळालेले असते.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे महाविद्यालय १९६९ पासून, सावंगीचे १९९० पासून आहे. दोन्हीकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो आणि त्याची सुरुवात आधीच्या संशोधनाच्या शोधानेच होते. तो पाया कच्चा राहिला, की उत्तर मिळालेल्या प्रश्नांवरच पुन्हा रुग्ण, पैसा आणि वर्षे खर्ची पडतात.

केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले आहेत. नियतकालिके विकत घ्यायला एवढा पैसा आणि ती धुंडाळणाऱ्याच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष, म्हणजे आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही, अशी गत. कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम करील, असे म्हणणाऱ्यांनी तिने दिलेले संदर्भ एकदा पडताळून पाहावेत. त्यातले काही लेख अस्तित्वातच नसतात.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. रुग्णालयात वाचकाचा वेळ म्हणजे रुग्णाचा वेळ. म्हणून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने वैद्यकीय ग्रंथपालांसाठी छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. त्यात वॉर्डातले खरे प्रश्न सोडवायला द्यावेत. प्रत्येक शोध कसा घेतला याची लेखी नोंद ठेवायला शिकवावे आणि प्रबंधाचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी ग्रंथपालाची सही बंधनकारक करावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. फवारणीच्या पुढच्या हंगामाआधी निदान 'पॅम'च्या प्रश्नापासून तरी सुरुवात करता येईल.