म्हातारपणीं मोडलेलें कोपर

वाशीम येथील एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, ७८ वर्षांच्या मातोश्री न्हाणीघरांत पडून त्यांचें कोपर मोडलें. डॉक्टर शस्त्रक्रियेविषयीं बोलतात, घरांतील कांहीं मंडळी तेल चोळणाऱ्यास बोलवा म्हणतात. तर काय करावें? आम्ही वैद्य नव्हों; परंतु या प्रश्नाचा जो भाग घरानें ठरवावयाचा, त्याविषयीं लिहितां येईल.

कोपर हा शब्द संस्कृत कूर्परापासून आला. सुश्रुतानें कूर्परास मर्मांत गणिलें असून, तेथें इजा झाल्यास हातास व्यंग येतें असें म्हटलें आहे. मोडलेला सांधा पहिल्या वयांत एका महिन्यांत, मध्यम वयांत दोन व उतारवयांत तीन महिन्यांत स्थिर होतो, असाहि त्याचा हिशेब आहे. मात्र हें वाचून कोणी तीन महिने हात बांधून ठेवूं नये. दोनतीन आठवड्यांहून अधिक जखडलेलें कोपर आंखडतें. मग हाड सांधलें तरी घांस तोंडापर्यंत पोंचत नाहीं.

चोळणाऱ्यास उंबऱ्यावरूनच परत पाठवावें. ताज्या मोडीवर जोर केल्यास स्नायूंत हाड धरतें, व कोपरामागची नस दुखावून करंगळी आणि अनामिका बधिर होतात.

आतां शस्त्रक्रिया. कोणतें हाड मोडलें, हें क्ष-किरण चित्रावरून प्रथम विचारावें. कोपराचें टोंक तुटलें असल्यास तरुणांत तें तारेनें किंवा पट्टीनें बांधतात. वृद्धांची गोष्ट निराळी. हाड ठिसूळ, कातडी पातळ, तार बाहेर टोंचूं लागते. ७५ वर्षांपुढील रुग्णांवर एडिंबरो येथें झालेली तुलना २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. वर्षानंतर दोन्ही गटांच्या हातांच्या उपयोगांत फरक दिसला नाहीं. उलट शस्त्रक्रिया झालेल्यांत उपद्रव इतके कीं प्रयोग मध्येंच थांबविला. रुग्ण अवघे १९ होते. त्यावरून नियम करूं नये, पण घाईहि करूं नये.

दंडाच्या हाडाचें खालचें टोंक सांध्यांत फुटलें असेल तर शस्त्रक्रियेचा विचार अधिक करावा लागतो. कानडांत ६५ वर्षांपुढील ४२ रुग्णांवर झालेल्या, २००९ सालच्या तुलनेंत पट्ट्यांसाठीं निवडलेल्या २१ पैकीं ५ जणांचें हाड जुळेना, व कृत्रिम सांधाच बसवावा लागला. त्या सांध्यानें हात लौकर चालतो. परंतु भरलेली कळशी त्या हातानें जन्मभर उचलावयाची नाहीं.

जखम उघडी असेल, बोटें थंड किंवा बधिर पडलीं असतील, तर मात्र चर्चा नको. तत्काळ अकोल्यासारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयांत न्यावें.

पत्रांत तिघां भावांचीं मतें आहेत, मातोश्रींचें नाहीं. त्या काठीवर भार देऊन चालतात काय, खाटेवरून हात टेंकून उठतात काय, आपली वेणी आपण घालतात काय? कोपराचें टोंक तुटल्यावर हात जोरानें सरळ करण्याचें बळ जातें, म्हणून काठीचा प्रश्न क्षुल्लक नाहीं. हें त्यांनाच विचारून डॉक्टरांस कळवावें, व पुढील पत्रांत आम्हांसहि.