हिरव्या तलावाचं गणित

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा वगैरे ठिकाणी, घरामागे पोहण्याचा तलाव असणं ही काही फार मोठ्या श्रीमंतीची खूण नाही. फिनिक्सला विमान उतरताना खाली पाहिलंत तर साध्या मध्यमवर्गीय वस्त्यांमध्येही निळ्या टिकल्या दिसतात. उन्हाळ्यात जिथे पारा ४५ च्या पुढे जातो तिथे त्याचं नवल नाही. (इकडे सगळे 'पूल' म्हणतात, पण मराठीत पूल नदीवर असतो. म्हणून मी आपला तलावच म्हणतो.) भारतात फोटो पाठवला की "मजा आहे बुवा तुमची!" असं उत्तर हमखास येतं. पण ते पाणी निळं ठेवायला काय करावं लागतं, ते फोटोत येत नाही.

निळं ठेवलं नाही तर ते हिरवं होतं. जुलै महिन्यात चार दिवस दुर्लक्ष पुरतं. आणि हिरवं झालं की बहुतेक लोक दुकानात जातात, चार बाटल्या आणतात, ओततात, आठवड्याने परत जातात आणि आणखी चार आणतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शेवाळं हा बाटल्यांचा प्रश्न नाही, गणिताचा आहे. आणि तलावाच्या देखभालीचं जे 'सोपं' तंत्र इथे घरोघरी विकलं जातं, ते मुख्यतः हे गणित गिऱ्हाइकाच्या नजरेआड ठेवतं. त्याची किंमत मग फक्त तलावाचा मालकच भरतो असं नाही.

आता थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, दहावीपुरतंच आहे.

शेवाळ्याचे सूक्ष्म जीव वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर, पोहणाऱ्याच्या अंगावरून सतत पाण्यात येत असतात. त्यांना अडवता येत नाही. ऊन आणि ऊब तिथे फुकट आहे. त्यामुळे ते वाढण्यापेक्षा मरण्याचा वेग जास्त ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं. ते काम क्लोरीन करतो. पण उघड्या पाण्यातला क्लोरीन दुपारच्या उन्हात तासाभरात निम्म्याहून कमी होतो. म्हणून पाण्यात सायन्युरिक ॲसिड घालतात. इथे त्याला 'स्टॅबिलायझर' म्हणतात. ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं. ३० ते ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात ३० ते ५० भाग, इतकं असलं की काम भागतं.

गोम अशी आहे की जे धरून ठेवतं ते सहज सोडत नाही. स्टॅबिलायझर जितकं जास्त, तितका प्रत्यक्ष कामाला मोकळा असलेला क्लोरीन कमी. चाचणीत आकडा तोच दिसतो, पण मारक शक्ती घटलेली असते. आणि हे ॲसिड वाफेबरोबर उडून जात नाही, लवकर विघटितही होत नाही. एकदा साठलं की व्यवहारात ते कमी करायचा मार्ग एकच, पाणी काढून टाकणं.

आता इथे घरोघरी वापरल्या जाणाऱ्या त्या पांढऱ्या चकत्या घ्या. तरंगत्या डब्यात ठेवायच्या आणि आठवडाभर विसरून जायचं. या चकत्या ट्रायक्लोरच्या असतात, म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड एकत्र. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम ॲसिड पाण्यात येतं. तलाव रोज २ पीपीएम क्लोरीन खात असेल (उन्हाळ्यात हे सहज होतं), तर १०० दिवसांत २०० पीपीएम क्लोरीन लागला आणि त्याबरोबर १२० पीपीएम ॲसिड साठलं. क्लोरीन खर्च झाला, ॲसिड तिथेच राहिलं.

हिरवा तलाव साफ करायला मोकळा क्लोरीन स्टॅबिलायझरच्या सुमारे ४० टक्के इतका चढवून तिथे टिकवावा लागतो, असा इथल्या जाणकारांचा ठोकताळा आहे. स्टॅबिलायझर ३० असेल तर १२ पीपीएम पुरतो. १२० असेल तर ४८ लागतो! घरगुती तलावात साधारण ५७,००० लिटर पाणी धरा. १० टक्क्यांचा द्रव क्लोरीन (कपड्यांच्या ब्लीचचाच तीव्र भाऊ) एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, ओतला की साडेसहा-सात पीपीएम चढतो. पहिल्या तलावाला सुरुवातीला दोन कॅन पुरतील, दुसऱ्याला सात. आणि ही फक्त सुरुवात, कारण शेवाळं मारताना क्लोरीन खर्च होत राहतो आणि तो भरून काढावा लागतो. म्हणजे ज्याने वर्षभर इमानदारीने चकत्या टाकल्या त्याचाच तलाव सगळ्यात हट्टी होतो. मग त्याला शेवाळनाशकाची बाटली विकली जाते. त्यातली काही औषधं तांब्याची असतात. सोनेरी केस हिरवे होतात ते या तांब्यामुळे, पण नाव मात्र क्लोरीनचं खराब होतं.

खरी पद्धत कंटाळवाणी आहे, पण लागू पडते. आधी पाणी तपासा. पीएच ७.२ ते ७.५ च्या दरम्यान आणा. भिंती आणि कोपरे ब्रशने घासा, कारण शेवाळ्याच्या थराखाली क्लोरीन पोचत नाही. पंप सतत चालू ठेवा, गाळणी साफ करत राहा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, द्रव क्लोरीन ओता. पुन्हा तपासा, पुन्हा ओता. थांबायचं कधी? पाणी स्वच्छ दिसलं म्हणून नाही. तीन अटी आहेत. पाणी नितळ हवं. रात्रभरात क्लोरीनची घट १ पीपीएमपेक्षा जास्त नको. आणि 'जोडलेला' क्लोरीन, म्हणजे घाम-लघवीतल्या नत्राशी बांधला गेलेला, अर्ध्या पीपीएमच्या वर नको. रात्री ऊन नसतं. तरीही क्लोरीन घटत असेल तर पाण्यात अजून कुणीतरी जिवंत आहे आणि तो खातो आहे. मला या कसोटीचं फार कौतुक वाटतं. एकही महाग उपकरण न लावता पाणी स्वतःच साक्ष देतं.

जाता जाता, तलावावर जो उग्र 'क्लोरीनचा वास' येतो तो या जोडलेल्या क्लोरीनचा असतो. वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झाला असं लोक समजतात. बहुतेक वेळा तो कमी पडलेला असतो.

आणि एक धोक्याची सूचना. ही रसायनं एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत. क्लोरीन आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी वायू, दोन प्रकारचे क्लोरीन एकत्र आले तर आगसुद्धा. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातल्या कॉनियर्स गावी तलावांची रसायनं साठवलेल्या कारखान्यात आग लागली, तेव्हा सुमारे १७ हजार लोकांना घरं सोडावी लागली. 'घरगुती' वस्तू म्हणून तिला कमी लेखू नये.

इथे कुणी म्हणेल, "आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. पाणी हिरवंगारच होतं. काय झालं आम्हाला?" प्रश्न रास्त आहे. तलावातलं साधं शेवाळं बहुधा निरुपद्रवी असतं. पण क्लोरीनच्या तलावात हिरवा रंग ही बातमी आहे, की रखवालदार गेला. योग्य प्रमाणातला क्लोरीन ई-कोलाय जंतूंना मिनिटाभरात मारतो, जिआर्डियाला साधारण पाऊण तासात. तो नसेल तर पाच-दहा मुलं डुंबत असलेलं ते कोमट पाणी कसं असेल, याची कल्पना करा. विहिरीत निदान खालून झरा असतो.

दुसरी गोष्ट तळाची. २०११ च्या जूनमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर गावच्या सार्वजनिक तलावात एक महिला बुडाली. पाणी इतकं गढूळ होतं की तिचा मृतदेह सुमारे दोन दिवस कुणाला दिसला नाही आणि त्या काळात तलाव पोहायला खुला होता. तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर पाण्यात उतरायचं नाही, हा नियम सौंदर्यासाठी केलेला नाही.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. २००७ साली घरकर्जाचा फुगा फुटू लागला तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड भागात घरं ओस पडली आणि मागचे तलाव हिरवे झाले. हप्ते थकल्याच्या नोटिसा ३०० टक्क्यांनी वाढल्या आणि त्याच उन्हाळ्यात तिथल्या केर्न काउंटीत डासांमुळे होणाऱ्या वेस्ट नाइल तापाचे रुग्ण २७६ टक्क्यांनी वाढले, अशी नोंद संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे तिथे २०२१ साली याच तापाचे १,४८७ रुग्ण झाले आणि १०१ माणसं दगावली. त्या वर्षी पाऊस फार झाला होता, सगळं खापर तलावांवर फोडता येणार नाही. पण म्हणूनच इथे शेजाऱ्याच्या हिरव्या तलावाची तक्रार काउंटीकडे करता येते आणि काउंटी त्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडते. आपल्याकडे विहिरींत गप्पी मासे सोडतात तोच प्रकार. मासे तिथे मजेत जगतात, कारण क्लोरीन केव्हाच संपलेला असतो. कुंपण कितीही उंच बांधा, डास ते ओलांडतो.

चौथी गोष्ट पाण्याची, आणि मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच. फिनिक्सला बरंच पाणी कोलोरॅडो नदीतून येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या नदीवर इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी ॲरिझोनाच्या वाट्यात १८ टक्के कपात झाली. इथलं पाणी जड आहे, त्यामुळे क्षार साठले की काही वर्षांनी तलाव रिकामा करावा लागतोच. पण चकत्यांच्या ॲसिडमुळे दर वर्षी निम्मा तलाव उपसायची वेळ येत असेल, तर आपण वाळवंटात हजारो लिटर पाणी ओतून देतो आहोत, तेही आठवड्यातून दोनदा कॅन उचलायचा कंटाळा आला म्हणून!

चकत्यांना शिव्या घालायच्या नाहीत. दोन आठवडे सुट्टीवर जाताना त्या उपयोगी पडतात. द्रव क्लोरीन जड असतो, गाडीत सांडतो, उन्हाळ्यात गॅरेजमध्ये ठेवला तर त्याची ताकद उतरते. मिठापासून जागेवर क्लोरीन तयार करणारी यंत्रंही मिळतात, आणि तो क्लोरीनच असतो, 'क्लोरीनमुक्त' काही नसतं. माझा आक्षेप वस्तूवर नाही. "टाका आणि विसरून जा" या वाक्यावर आहे. पाण्याच्या बाबतीत विसरून जाण्यासारखं काहीच नसतं.

हे सगळं भारतातल्या वाचकांना कशाला? तर पुण्या-मुंबईत, नाशकात नव्या सोसायटीच्या जाहिरातीत तलाव असतोच, आणि त्यात तुमची मुलं, नातवंडं उतरतात. खरं तर क्लोरीनचा हिशेब आपल्याला नवा नाही. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकायची, मग ओटी टेस्ट करायची आणि पाणी पिवळं झालं की नाही ते बघायचं, हे ग्रामपंचायतीचा साधा कर्मचारी वर्षानुवर्षं करत आला आहे. पावडर टाकली एवढ्यावर तो थांबत नाही, पाण्यात ती उरली का ते बघतो. सगळं शहाणपण त्या 'उरली का' मध्ये आहे.

मात्र तलावाला ओटी टेस्ट पुरत नाही. ती मोकळा आणि जोडलेला क्लोरीन एकत्रच दाखवते. थेंब मोजून मोकळा क्लोरीन वेगळा सांगणारी चाचणी मिळते, तीच वापरावी.

तेव्हा सोसायटीच्या मॅनेजरला "पाणी स्वच्छ आहे ना?" असं विचारू नका, तो हो म्हणेल. तीन आकडे विचारा: आजचा मोकळा क्लोरीन, पीएच आणि स्टॅबिलायझर. इथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मते मोकळा क्लोरीन किमान १ पीपीएम हवा, स्टॅबिलायझर वापरत असाल तर किमान २, आणि पीएच ७.० ते ७.८. हे आकडे तलावाशेजारी फळ्यावर रोज लिहा म्हणावं. खडू आणि फळा, खर्च काही नाही. आकडे नसतील तर पाणी कितीही निळं दिसो, त्या दिवशी मुलांना बाहेर खेळू द्या.

काही सोसायट्यांच्या तलावाच्या फरश्याच निळ्या असतात. त्यावर पाणी निळंच दिसणार!